इंग्रजी प्रत्यय कसे शिकवावेत : मूळ शब्दापासून वाक्यापर्यंत

इंग्रजी शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षकांनी प्रत्ययांची यादी कधी ना कधी फळ्यावर लिहिलेली असते. ‘फुल’ म्हणजे ‘ने युक्त’, ‘लेस’ म्हणजे ‘विना’, ‘नेस’ म्हणजे ‘पणा’, ‘एबल’ म्हणजे ‘करण्याजोगा’. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात, पाठ करतात आणि परीक्षेत ‘होप’ला ‘फुल’ जोडून गुणही मिळवतात. मात्र त्याच विद्यार्थ्याला एखाद्या उताऱ्यात ‘थँकलेस’ हा अनोळखी शब्द भेटला, की ‘थँक’ही माहीत आणि ‘लेस’ही पाठ असूनही तो अडतो. यादी त्याच्या उपयोगी पडत नाही, कारण प्रत्यय हा शब्दापासून सुटा काढून शिकण्याचा विषय नाही. प्रत्यय एकाच वेळी दोन कामे करतो : तो मूळ शब्दाच्या अर्थाला वळण देतो आणि त्या शब्दाची वाक्यातील जागाही ठरवतो. पहिले काम सगळे शिकवतात. दुसरे बहुधा व्याकरणाच्या तासासाठी राखून ठेवले जाते आणि तिथेही राहून जाते. पुढील पायऱ्यांची आखणी ही दोन्ही कामे एकत्र शिकवता यावीत या हिशेबाने केली आहे.

शिक्षकाने आधी करायची विभागणी

वर्गात जाण्यापूर्वी शिक्षकाच्या मनात एक फरक पक्का असावा, आणि तो मराठी शिकलेल्या माणसाला अवघड नाही. ‘घर’ला विभक्तीचा प्रत्यय लागून ‘घराला’ किंवा ‘घरात’ झाले, तरी शब्द घराचाच राहतो. ‘माणूस’ला ‘की’ लागून ‘माणुसकी’ झाली, की मात्र नवा शब्द जन्माला येतो, त्याचा अर्थ वेगळा असतो आणि तो शब्दकोशात स्वतंत्र नोंद मागतो. इंग्रजीतही प्रत्ययांचे असेच दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात, म्हणजे रूप बदलणाऱ्या पण नवा शब्द न घडवणाऱ्या प्रत्ययांत, सर्वसाधारणपणे आठच प्रत्यय मोजले जातात : अनेकवचनाचा ‘एस’, मालकी दाखवणारा ‘एस’, वर्तमानकाळातील तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘एस’, भूतकाळाचा ‘एड’, ‘टेकन’सारख्या रूपांतला ‘एन’, ‘इंग’, आणि तुलनेचे ‘अर’ व ‘एस्ट’. दुसऱ्या वर्गातील प्रत्यय नवे शब्द घडवतात. त्यांची संख्या मोठी आहे आणि अर्थबदलाची खरी गंमत तिथेच आहे.

असे असले तरी पहिला वर्ग घाईने उरकू नये. व्हाइट, सोवेल आणि यानागिहारा यांनी १९८९ साली शालेय पुस्तकांतील इंग्रजीच्या आधारे जी मांडणी केली, तिच्यानुसार प्रत्यय लागलेल्या शब्दांपैकी सुमारे ६५ टक्के शब्दांत ‘एस’, ‘एड’ किंवा ‘इंग’ यांपैकीच एखादा प्रत्यय असतो. वाचनाच्या प्रारंभिक टप्प्यावर हे तीन प्रत्यय सहज ओळखता आले, तर विद्यार्थ्याला पानावरचे कितीतरी लांब शब्द आपोआप आटोपशीर दिसू लागतात. येथे उच्चाराकडे विशेष लक्ष द्यावे. ‘एड’चे उच्चार तीन आहेत : ‘जम्प्ट’मध्ये ‘ट’, ‘प्लेड’मध्ये ‘ड’ आणि ‘वॉन्टेड’मध्ये ‘एड’. मूळ क्रियापदाच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’चा ध्वनी असेल तरच पूर्ण ‘एड’ उच्चारला जातो. हे स्पष्ट सांगितले नाही, तर विद्यार्थी ‘जम्पेड’, ‘वॉकेड’ असे वाचत राहतात आणि पुढे ती सवय मोडणे कठीण जाते.

यानंतरचा क्रम माझ्या मते असा असावा : प्रथम ‘अर’, ‘फुल’, ‘लेस’, ‘ली’ आणि ‘नेस’; मग ‘एबल’, ‘मेंट’, ‘ॲक्शन’मधला ‘आयन’ आणि ‘रेनी’, ‘सँडी’ यांतला ‘वाय’; आणि शेवटी ‘डेंजरस’मधला ‘अस’, ‘अल’, ‘इव्ह’, ‘इक’, ‘इटी’, ‘आइज’. पहिल्या गटातील प्रत्यय मूळ शब्दाला जवळजवळ धक्का न लावता जोडले जातात, म्हणून ते आधी. शेवटच्या गटातील बरेच प्रत्यय लॅटिन व ग्रीकमधून, पुष्कळदा फ्रेंचच्या वाटेने आलेले आहेत, आणि ते मूळ शब्दाचे स्पेलिंग व उच्चार दोन्ही हलवतात. एका आठवड्यात एक, फार तर दोन प्रत्यय पुरेत.

पहिली पायरी : मूळ शब्द शोधणे

प्रत्यय ओळखण्याआधी मूळ शब्द ओळखता आला पाहिजे, आणि शेवटची अक्षरे प्रत्ययासारखी दिसली म्हणजे तो प्रत्ययच असतो असे नाही, हे पहिल्याच तासाला दाखवून द्यावे. फळ्यावर ‘टीचर’, ‘फार्मर’, ‘कॉर्नर’, ‘नंबर’ आणि ‘मदर’ हे पाच शब्द लिहावेत आणि प्रत्येकाच्या शेवटचा ‘ईआर’ हाताने झाकावा. ‘टीच’ उरतो, ‘फार्म’ उरतो; दोन्ही ओळखीचे. ‘कॉर्नर’मधून ‘कॉर्न’ म्हणजे मका उरतो, ‘नंबर’मधून ‘नम’ म्हणजे बधिर उरतो, आणि ‘मदर’च्या स्पेलिंगमधून चक्क ‘मॉथ’ म्हणजे पतंग हा कीटक उरतो. मुले हसतात, आणि नियम तिथेच पक्का होतो : प्रत्यय काढल्यावर उरलेला भाग अर्थपूर्ण शब्द असणे पुरेसे नाही, त्या शब्दाचा अर्थ पूर्ण शब्दाच्या अर्थाशी जुळला पाहिजे. कोपऱ्याचा मक्याशी काही संबंध नाही, म्हणून ‘कॉर्नर’मध्ये प्रत्यय नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना दोन प्रश्न ठरवून द्यावेत. काढल्यावर काय उरले? आणि जे उरले त्याचा पूर्ण शब्दाशी काय संबंध? हे दोन्ही प्रश्न प्रत्येक नव्या शब्दाला विचारण्याची सवय लागली, की ‘फॅमिली’, ‘सप्लाय’ आणि ‘जुलै’ यांच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘एलवाय’ असूनही तिथे प्रत्यय नाही, हे मुले स्वतः सांगू लागतात.

दुसरी पायरी : प्रत्ययाचा अर्थ मुलांकडूनच काढून घेणे

प्रत्ययाचा अर्थ आधी सांगून मग उदाहरणे देण्याची पद्धत सोपी वाटते, पण तिच्यात विद्यार्थ्याला विचार करण्यासारखे काहीच उरत नाही. त्याऐवजी ज्यांचा मूळ शब्द सर्वांना माहीत आहे असे पाच-सहा शब्द एकाखाली एक लिहावेत. ‘लेस’साठी ‘होमलेस’, ‘शुगरलेस’, ‘एंडलेस’, ‘केअरलेस’ आणि ‘पेनलेस’ हे शब्द चांगले. प्रत्येकासोबत एक छोटे वाक्य द्यावे, कारण सुट्या शब्दांवरून मुले मनाने अर्थ लावतात. ‘पेनलेस’साठी दातांच्या डॉक्टरांचे वाक्य द्यावे : ‘द ट्रीटमेंट वॉज पेनलेस, सो ही डिड नॉट क्राय.’ मग विचारावे, “या सगळ्या शब्दांत ‘लेस’ने काय केले?” कोणी म्हणेल ‘कमी केले’. हे उत्तर अपेक्षितच आहे, कारण ‘लेस’ हा ‘कमी’ या अर्थाचा शब्द त्यांना माहीत असतो. तेव्हा लगेच चूक म्हणू नये. “मग ‘होमलेस’ माणसाकडे घर कमी आहे की घर नाहीच?” असे विचारावे. उत्तर मुलांकडूनच येते. प्रत्यय ‘लेस’ हा जुन्या इंग्रजीतील ‘रहित’ या अर्थाच्या वेगळ्या शब्दापासून आला आहे; ‘कमी’ या अर्थाच्या ‘लेस’शी त्याचे फक्त रूप जुळते. ही माहिती वरच्या वर्गांत अवश्य सांगावी, लहानांना नाही सांगितली तरी चालते.

अर्थ सापडला, की मराठीतील जोडी शोधायला लावावी. ‘लेस’ला ‘हीन’, ‘रहित’, ‘शून्य’, किंवा शब्दाच्या आधी लागणारे ‘बे’ आणि ‘निर्’. ‘नेस’ला ‘पणा’ आणि ‘ता’. ‘एबल’ला ‘ण्याजोगा’ आणि ‘नीय’, जसे ‘वाचनीय’. विद्यार्थ्याला मराठीत ‘निर्दय’ आणि ‘दयाळूपणा’ हे शब्द बिनदिक्कत वापरता येतात. त्याच प्रकारचे काम इंग्रजीत शब्दाच्या शेवटी होत आहे, एवढेच त्याला दाखवायचे असते. मात्र ही जोडी मदतीपुरतीच ठेवावी, तिचे समीकरण करू नये. ‘काइंडनेस’ म्हणजे ‘दयाळूपणा’ जुळते, पण ‘इलनेस’ म्हणजे ‘आजारीपणा’ असे भाषांतर कोणी करत नाही. तिथे ‘आजार’ एवढेच पुरते.

तिसरी पायरी : शब्दांची बेरीज आणि स्पेलिंग

आता मूळ शब्द आणि प्रत्यय यांची लेखी बेरीज करायला शिकवावे. एका ओळीत मूळ शब्द, अधिक चिन्ह, प्रत्यय, बाण आणि पूर्ण शब्द. ‘केअर अधिक लेस अधिक नेस’ अशी तीन भागांची बेरीज करून ‘केअरलेसनेस’ लिहिताना मुलांना लांब शब्दाची भीती वाटेनाशी होते. बेरीज करताना स्पेलिंग कुठे बदलते आणि का, हे त्याच वेळी शिकवावे, कारण स्पेलिंगचे मुख्य नियम तीनच आहेत आणि ते प्रत्ययाच्या पहिल्या अक्षरावर अवलंबून आहेत.

पहिला नियम शेवटच्या मूक ‘ई’चा. प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर ‘ई’ जातो, व्यंजनाने सुरू होत असेल तर राहतो. म्हणून ‘होपिंग’मध्ये ‘ई’ नाही, पण ‘होपफुल’मध्ये आहे. ‘ट्रूली’ आणि ‘आर्ग्युमेंट’ हे ठळक अपवाद आहेत. त्यांच्यात व्यंजनाआधीही ‘ई’ गळतो. ‘नोटिसेबल’ आणि ‘चेंजेबल’मध्ये उलट घडते : स्वर पुढे असूनही ‘ई’ टिकतो, कारण तो गेला तर ‘सी’चा उच्चार ‘क’ आणि ‘जी’चा उच्चार ‘ग’ होण्याचा धोका असतो. असे अपवाद कारणासह सांगितले तर ते लक्षात राहतात.

दुसरा नियम ‘वाय’चा. ‘वाय’च्या आधी व्यंजन असेल तर त्याचा ‘आय’ होतो, जसे ‘हॅपीनेस’ आणि ‘ब्युटिफुल’. आधी स्वर असेल तर ‘वाय’ तसाच राहतो, जसे ‘प्लेअर’ आणि ‘एंजॉयमेंट’. ‘इंग’ लावताना मात्र ‘वाय’ कधीच बदलत नाही, नाहीतर ‘स्टडीइंग’मध्ये दोन ‘आय’ शेजारी शेजारी आले असते. तिसरा नियम शेवटचे व्यंजन दुप्पट होण्याचा. एकाच अवयवाच्या (म्हणजे सिलॅबलच्या, एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) शब्दात एक स्वर आणि मग एकच व्यंजन असेल, तर स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्ययाआधी ते व्यंजन दुप्पट होते : ‘रनर’, ‘सनी’. लांब शब्दात जोर शेवटच्या अवयवावर असेल तरच असे होते, म्हणून ‘बिगिनर’मध्ये दोन ‘एन’ आणि ‘ओपनर’मध्ये एकच. ‘फुल’ प्रत्यय होताना एक ‘एल’ गमावतो, हे वेगळे सांगावे. ‘ब्युटिफुल’च्या शेवटी दोन ‘एल’ लिहिणे ही नेहमीची चूक आहे.

‘आयन’बद्दल येथे थोडे थांबावेसे वाटते. बहुतेक ठिकाणी ‘शन’ असा उच्चार ऐकवून ‘टीआयओएन’ हा प्रत्यय म्हणून शिकवला जातो. परंतु ‘ॲक्शन’ची बेरीज ‘ॲक्ट अधिक आयन’ अशी आहे. ‘टी’ हा मूळ शब्दाचाच आहे. ‘डिस्कशन’मध्ये दोन ‘एस’ का, तर ‘डिस्कस’मध्ये ते आधीच आहेत. ‘एज्युकेशन’मध्ये ‘एज्युकेट’चा शेवटचा ‘ई’ पहिल्या नियमाने गळला आहे. अशी फोड करून दाखवली, तर ‘टीआयओएन’ लिहायचे की ‘एसएसआयओएन’ हा प्रश्न पुष्कळ शब्दांच्या बाबतीत उरतच नाही. मूळ शब्द आठवला की उत्तर मिळते. ‘डीसाइड’पासून ‘डिसिजन’सारखे शब्द या चौकटीत सरळ बसत नाहीत, ते वेगळा गट म्हणून घ्यावेत.

चौथी पायरी : शब्दाला वाक्यात जागा देणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ‘केअरफुल’, ‘केअरफुली’ आणि ‘केअरफुलनेस’ या तिन्ही शब्दांचा अर्थ विचारला तर विद्यार्थी ‘काळजी’च्या आसपासचे काहीतरी सांगतो आणि ते बरोबरच असते. पण ‘शी इज अ केअरफुली ड्रायव्हर’ असे वाक्य त्याला खटकत नाही. अर्थ कळला, जागा कळली नाही, असा हा प्रकार आहे.

त्यासाठी एकाच मूळ शब्दाचे सगळे कुटुंब घेऊन रिकाम्या जागा भरायला द्याव्यात. ‘क्रिएट’ हा शब्द यासाठी उत्तम, कारण त्यापासून ‘क्रिएटर’, ‘क्रिएशन’, ‘क्रिएटिव्ह’, ‘क्रिएटिव्हली’ आणि ‘क्रिएटिव्हिटी’ असे शब्द घडतात. फळ्यावर चार वाक्ये लिहावीत : ‘शी इज अ ... रायटर’, ‘द ... ऑफ धिस मशीन टुक टेन इयर्स’, ‘दे सॉल्व्हड द प्रॉब्लेम ...’ आणि ‘ही इज द ... ऑफ धिस गेम’. शब्द भरण्याआधी एक प्रश्न विचारावा आणि तो टाळू नये : “या रिकाम्या जागेत कोणत्या जातीचा शब्द बसेल?” पहिल्या वाक्यात ‘अ’ आणि ‘रायटर’ यांच्यामध्ये जागा आहे, म्हणजे रायटरविषयी सांगणारे विशेषण हवे. दुसऱ्यात ‘द’ आणि ‘ऑफ’ यांच्यामध्ये आहे, म्हणजे नाम हवे. तिसऱ्यात क्रिया कशी झाली ते सांगायचे आहे, म्हणजे क्रियाविशेषण. चौथ्यातही जागा ‘द’ आणि ‘ऑफ’मधली आहे, पण वाक्य माणसाविषयी आहे, म्हणून नामांपैकी ‘क्रिएटर’च बसतो. दुसऱ्या आणि चौथ्या वाक्यातील नामांतला हा फरक वर्गाने स्वतः शोधला, की अर्थ आणि जागा ही दोन्ही कामे एकमेकांना कशी धरून आहेत ते समजावून सांगावे लागत नाही.

या टप्प्यावर प्रत्यय कोणत्या जातीच्या शब्दाला लागतो आणि कोणती जात तयार करतो, याची नोंद वहीत ठेवायला सांगावी. ‘नेस’ मुख्यतः विशेषणाला लागून नाम करतो, ‘मेंट’ क्रियापदाला लागून नाम करतो, ‘अस’ नामाला लागून विशेषण करतो, ‘एन’ विशेषणाला लागून ‘सॉफ्टन’, ‘वायडन’ अशी क्रियापदे करतो. नोंदीत प्रत्ययाचा अर्थ एका शब्दात आणि जातीचा बदल एका बाणात मावतो. ‘डार्क’ला ‘मेंट’ का लागत नाही आणि ‘मूव्ह’ला ‘नेस’ का लागत नाही, याचे उत्तरही या नोंदीतच असते.

पाचवी पायरी : जिथे नियम फसवतो ते शब्द

प्रत्यय अर्थाचा अंदाज देतो, निकाल देत नाही. हे वाक्य विद्यार्थ्याला सांगून भागत नाही. त्याला फसू देऊन मग दाखवावे लागते. ‘कुक’ला ‘अर’ लावला तर स्वयंपाक करणारा माणूस मिळायला हवा, पण मिळतो तो कुकर. माणसासाठी ‘कुक’ हाच शब्द आहे. तरी ‘अर’चा नियम मोडलेला नाही, ‘अर’ काम करणारा दाखवतो, आणि ते काम करणारे यंत्रही असू शकते, जसे ‘प्रिंटर’, ‘ओपनर’, ‘मिक्सर’. ‘बेस्टसेलर’ तर विकणाराही नाही आणि यंत्रही नाही. ते स्वतःच विकले जाणारे पुस्तक आहे.

‘फुल’ आणि ‘लेस’ ही जोडी परस्परविरुद्ध म्हणून शिकवली जाते, आणि ‘केअरफुल–केअरलेस’, ‘पेनफुल–पेनलेस’ येथे ते ठीक आहे. पण ‘हेल्पफुल’ म्हणजे मदत करणारा आणि ‘हेल्पलेस’ म्हणजे असहाय. मदत न करणाऱ्याला ‘अनहेल्पफुल’ म्हणतात. ‘शेमफुल’ आणि ‘शेमलेस’ ही जोडी तर वर्गात वादासाठी राखून ठेवावी. दोन्ही शब्द निंदेचेच आहेत. पहिला कृत्याविषयी बोलतो, जे लाजिरवाणे आहे. दुसरा माणसाविषयी बोलतो, ज्याला लाजच नाही. मराठीत ‘लाजिरवाणा’ आणि ‘निर्लज्ज’ हे शब्द आपण एकमेकांच्या विरुद्ध मानत नाही, हे लक्षात आणून दिले की गाठ सुटते. ‘प्राइसलेस’ म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. किंमत ठरवताच येत नाही, असा त्याचा रोख आहे. आणि सुरुवातीला उल्लेखिलेला ‘थँकलेस’ बहुधा कामाला लावतात, माणसाला क्वचित : ज्या कामाबद्दल कोणी आभार मानत नाही ते ‘थँकलेस जॉब’. अशा वेळी ‘काय नाही’ एवढेच न विचारता ‘कोणाकडे नाही’ हेही विचारायला शिकवावे.

‘ली’ म्हणजे क्रियाविशेषण, हा वर्गात सर्वाधिक घोटला जाणारा आणि सर्वाधिक अर्धवट असलेला नियम आहे. विशेषणाला ‘ली’ लागला तर बहुधा क्रियाविशेषण होते. नामाला लागला तर विशेषण होते, जसे ‘फ्रेंडली’, ‘कॉस्टली’, ‘कॉवर्डली’. या प्रत्ययाचे मूळ ‘सारखा’ अर्थाच्या ‘लाइक’ या शब्दाशी जोडलेले आहे, म्हणून ‘फ्रेंडली’ म्हणजे मित्रासारखा हे सहज पटते. याशिवाय काही क्रियाविशेषणांनी मूळ अर्थाशी फारकत घेतली आहे. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कसून काम करतो, आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो काम जेमतेमच करतो. ‘लेट’ आणि ‘लेटली’ यांचेही तसेच.

वरच्या वर्गांत एकाच मूळ शब्दाला दोन वेगळे प्रत्यय लागून झालेल्या जोड्या घ्याव्यात : ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवस्थेचा आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचा, ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट आणि ‘चाइल्डलाइक’ म्हणजे मुलासारखा निरागस, ‘इमॅजिनरी’ म्हणजे काल्पनिक आणि ‘इमॅजिनेटिव्ह’ म्हणजे कल्पक, ‘बोअरिंग’ म्हणजे कंटाळवाणा आणि ‘बोअर्ड’ म्हणजे कंटाळलेला. शेवटच्या जोडीतील चूक तर फारच महागात पडते, कारण ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणणारा विद्यार्थी स्वतःलाच कंटाळवाणा ठरवतो.

उच्चार बदलतो तेव्हा

‘नेस’, ‘फुल’, ‘लेस’ लागताना मूळ शब्दाचा उच्चार बहुधा जागेवर राहतो. ‘इक’, ‘इटी’, ‘आयन’ मात्र शब्दातील जोर आपल्या आधीच्या अवयवावर ओढतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. कधी व्यंजनही बदलते : ‘इलेक्ट्रिक’मधील ‘क’ ‘इलेक्ट्रिसिटी’मध्ये ‘स’ होतो आणि ‘इलेक्ट्रिशियन’मध्ये ‘श’. स्पेलिंग मात्र ‘सी’च राहते. ‘साइन’मध्ये न ऐकू येणारा ‘जी’ ‘सिग्नेचर’मध्ये ऐकू येतो. कानाला दूरचे वाटणारे शब्द डोळ्यांना नातेवाईक दिसतात, म्हणून अशा जोड्या ऐकवण्याबरोबरच एकाखाली एक लिहून दाखवणे आवश्यक आहे.

सरावाचे काही प्रकार

१९५८ साली जीन बर्को यांनी लहान मुलांना एका कल्पित प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असल्याचे सांगितले, मग तसे दोन प्राणी दाखवून अनेकवचन विचारले. पूर्वी कधीही न ऐकलेल्या या शब्दाचे ‘वग्ज’ हे रूप बहुतेक मुलांनी बरोबर दिले. त्याच प्रयोगात ‘झिब’ हे काम करणाऱ्या माणसाला काय म्हणावे असे विचारल्यावर प्रौढांनी ‘झिबर’ म्हटले, पण ‘अर’ वापरणारी मुले थोडीच निघाली. नवे शब्द घडवणारे प्रत्यय ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा मुलांनाही उशिरा साधतात, हे त्यातून दिसते. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत घाई का करू नये याचे हे पुरेसे कारण आहे.

हाच प्रयोग सरावासाठी उचलावा. ‘ब्लिक’ असे एखादे निरर्थक क्रियापद फळ्यावर लिहावे आणि विचारावे : ब्लिक करणारा कोण, ब्लिक करता येण्याजोगी वस्तू कोणती, ब्लिक न करता येणारी कोणती? मुले ‘ब्लिकर’, ‘ब्लिकेबल’ आणि ‘अनब्लिकेबल’ म्हणतात. पाठांतराला येथे वाव नसल्याने प्रत्यय खरोखर कळला आहे की नाही हे लगेच समजते. दुसरा प्रकार उलट दिशेचा : उताऱ्यातील एक लांब शब्द देऊन त्याची वजाबाकी करायला सांगावी. ‘अनफर्गेटेबल’मधून ‘एबल’ काढला, ‘अन’ काढला, एक ‘टी’ का उरला याचे कारण सांगितले, मग अर्थ पुन्हा जोडत आणला : विसर, विसरता येण्याजोगा, विसरता न येण्याजोगा. शेवटी तो अर्थ उताऱ्यातील वाक्यात घालून पाहायचा. बसला नाही तर शब्दकोश उघडायचा. हा शेवटचा भाग वगळला, तर विद्यार्थी ‘प्राइसलेस’चा अर्थ आत्मविश्वासाने चुकीचा सांगतात.

तपासणी आणि चुका

चाचणीत ‘पुढील शब्दांना प्रत्यय लावा’ असा प्रश्न शक्यतो देऊ नये, कारण त्यात फक्त जोडणी तपासली जाते. त्याऐवजी न शिकवलेला पण शिकवलेल्या भागांनी बनलेला एखादा शब्द वाक्यात देऊन अर्थ विचारावा आणि तो कसा ओळखला हेही लिहायला सांगावे. तर्काला आणि उत्तराला वेगळे गुण द्यावेत.

चुका तपासताना दोन प्रकार वेगळे ठेवावेत. ‘शी सिंग्ज ब्युटिफुल’ लिहिणाऱ्याला जागा कळलेली नाही, त्याला चौथ्या पायरीवर परत न्यावे. ‘डेंजरफुल’ किंवा ‘स्टीलर’ लिहिणाऱ्याला मात्र प्रत्ययाचा अर्थही कळला आहे आणि जागाही. त्याची चूक एवढीच, की त्या जागी ‘डेंजरस’ आणि ‘थीफ’ हे शब्द भाषेत आधीच बसलेले आहेत, आणि एका अर्थासाठी रूढ शब्द असला की इंग्रजी सहसा नियमाने घडवलेल्या दुसऱ्या शब्दाला थारा देत नाही. अशा उत्तरावर नुसती लाल फुली मारली, तर विद्यार्थी शब्द घडवून पाहण्याचेच सोडून देतो. म्हणून त्याच्या शब्दाशेजारी रूढ शब्द लिहावा आणि वहीच्या मागच्या पानावर दोन स्तंभ करून घ्यावेत : एका स्तंभात नियमाने घडणारा शब्द, दुसऱ्यात प्रत्यक्ष वापरातला. ही यादी विद्यार्थ्यांच्याच चुकांतून वर्षभर भरत जाते, आणि उजळणीच्या तासाला पाठ्यपुस्तकातील यादीपेक्षा ती अधिक कामाची असते.